धुऱ्यावरून चाललेला दगड

अक्षय तृतीयेनंतर बाराव्या दिवशी आमच्या तांड्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. फुलसावंगीहून ऑटो भरभरून येत होते. आर्णीकडच्या बाया पिकअपमध्ये उभ्या राहून आल्या होत्या, डोक्यावर ऊन आणि हातात पाण्याच्या कळश्या. वावराच्या कडेला नारळाची तीन दुकाने, एक रसवंती आणि चपला सांभाळणारा एक माणूस बसला होता. सगळ्यांना एकच गोष्ट पाहायची होती. दगड चालतो म्हणे.

दगड कमरेएवढा, काळा, आमच्याकडे पैशाला पासरी मिळतो तसाच. पिढ्यान् पिढ्या तांड्याचा प्रमुख पूनमसिंग नायक याचे वावर आणि माझ्या भावजयीचे वावर यांच्यामधल्या धुऱ्यावर तो हद्दीची खूण म्हणून उभा होता. आता त्याला शेंदूर लागला होता, वर मंडप आला होता, आणि मागे जमिनीवर चुन्याच्या चार रेघा ओढल्या होत्या. पहिल्या रेघेवर दगड अक्षय तृतीयेला होता. दुसरीवर तीन दिवसांनी. बाराव्या दिवशी तो पहिल्या रेघेपासून पूर्ण एक वीत पुढे गेला होता. कोणी ढकलताना दिसला नाही, कोणी उचलताना दिसला नाही. दगड आपला उभाच, आणि तरी पुढे.

"उत्तरेला," लोक एकमेकांना सांगत होते. "बराबर उत्तरेला जाऊन राह्यला."

उत्तरेला सुखीबाईचे वावर होते.

मंडपात भूधर महाराज बसले होते. वय पन्नाशीचे, दाढी राखलेली, भगवी लुंगी आणि मनगटावर घड्याळ. मागे मोठे फ्लेक्स लावलेले. त्यावर जगाचा नकाशा, मधोमध भारत, आणि भारतातून वर हिमालयाकडे जाणारा लाल बाण. हा बाबा नुसता अंगारा देणारा नव्हता. हा सायन्स सांगणारा बाबा होता.

"भक्तहो, धरती हलते की नाही?" त्याने माइकवर विचारले. "मी म्हणतो म्हणून मानू नका. मोबाइल काढा. सर्च करा. अमेरिकेचा सायंटिस्ट म्हणतो, जपानचा सायंटिस्ट म्हणतो, पूरा भूखंड तैरता है. आपली भारतभूमी दक्षिणेकडून निघाली, करोडो साल चालली, आजही चालते. कुठं? उत्तरेला. कोणाच्या भेटीला? कैलासाच्या. आता मला सांगा, गाडी चालते तर गाडीला इंजिन असतं की नाही?"

"असते," लोक म्हणाले.

"मग एवढ्या मोठ्या भूमीचं इंजिन कुठं आहे?"

बाबाने हळूच दगडाकडे बोट केले. बायांनी हात जोडले. पुढे बसलेली दोन कॉलेजात जाणारी पोरे होती, त्यांनीही जोडले, कारण भूखंड सरकतो हे त्यांनी पुस्तकात वाचले होते.

"सायंटिस्ट लोकांना भूमी चालते एवढंच कळलं. इंजिन सापडलं नाही. ते भगवंतानं या तांड्याला दिलं. आणि इंजिनाला काय लागतं? पाणी लागतं. जेवढं पाणी द्याल तेवढं चालेल. घाला."

आणि लोक पाणी घालत होते. मे महिना, तांड्यावर टँकर दोन दिवसांआड, आणि बाया डोक्यावरून कळश्या आणून दगडावर रिकाम्या करत होत्या.

मला राग आला तो आजही उतरलेला नाही. निव्वळ खोटे बोलणारा माणूस मी खूप पाहिला. त्याचे काही वाटत नाही, तो पकडला जातो. हा माणूस खऱ्यातले अर्धे खरे चोरून आणत होता. पृथ्वीवरची सगळ्यात थोर गोष्ट, जमीन समुद्रासारखी हलते ही गोष्ट, आणि त्याने तिचे काय केले? शेंदूर लावून पाच एकरांच्या धुऱ्यावर उभी केली.

तांड्याने इतक्या लवकर कसे मानले, हे बाहेरच्या माणसाला कळायचे नाही. त्याला आमचे एक काम ठाऊक पाहिजे. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही वावरातले गोटे वेचतो. पाटी पाटी भरून धुऱ्यावर टाकतो. वावर साफ होते. पुढच्या उन्हाळ्यात पाहावे तर तेवढेच गोटे पुन्हा वर. माझा बाप म्हणे, गोटे वाढतात. त्याचा बापही तेच म्हणे. लहानपणी मीही मानले. आम्हा लोकांच्या मनात दगड आधीपासूनच जिवंत होता. वाढणारा दगड आम्ही मानला होता, बाबाने फक्त त्याला चालायला लावले.

आता सुखीबाईचे सांगतो. ती माझ्या थोरल्या भावाची, धावजीची बायको. मी तिला भोजाई म्हणतो. भाऊ जाऊन आठ वर्षे झाली. एक लेक, ती किनवटकडे दिलेली. भोजाईचे पाच एकर वावर तिच्या स्वतःच्या नावावर, आणि त्यात तांड्यातली एकच विहीर, जिला वैशाखातही हातभर पाणी असते. बाबाने तिसऱ्या रेघेच्या दिवशी जाहीर केले की देव ज्या वावरात पाय ठेवील ते देवस्थान. ट्रस्ट झाला. बाबा अध्यक्ष, पूनमसिंग नायक सचिव. दानपत्र तयार झाले. शुक्रवारी महागावला जाऊन भोजाईने त्यावर अंगठा द्यायचा असे ठरले.

बुधवारी मी तिच्या अंगणात गेलो. ती दगडासाठी फुलांची माळ ओवत होती. दानपत्राची झेरॉक्स देव्हाऱ्यात ठेवलेली होती, त्यावर कुंकू.

"भोजाई, या कागदात काय लिवलं ते ठाऊक आहे का तुले?"

"देवाच्या भोवतालची चार हात जागा. पूनमसिंगनं वाचून दाखवलं."

मी कागद काढला आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला. "अथी चार हात कुठंच नाही. अख्खं वावर लिवलं आहे. विहीर धरून."

ती हसली. "तू वाचलं. नातवासंगं पाटी घेऊन बसला होता तू, पन्नाशीत. अजून बसची पाटी वाचतवरी तुह्या दोन बसा निघून जातात."

"बस निघून जाते, कागद त निघून नाही जात. मी दोनदा वाचला."

"पूनमसिंग मॅट्रिक आहे, देवसिंग."

"म्हणूनच भेव वाटून राह्यलं मले."

तिने सुईत दोरा घातला. मान वर केली नाही. "आठ वर्षं झाली तुह्या भावाले जाऊन. माह्याकडं कोण येते? लेक वर्षातून दोनदा. तू येतो, थे बी भांडाले. देव सगळा तांडा सोडून माह्या वावरात चालत येऊन राह्यला. नायकाच्या वावराकडं पाठ करून. आन् तू मले कागद वाचून दाखवतो."

मी कागद देव्हाऱ्यात परत ठेवला. बाबाने जमीन नंतर घेतली असती. आधी त्याने हिचे एकटेपण घेतले होते आणि त्याचा देव करून तिला परत दिला होता.

मी सरळ मंडपात गेलो आणि सगळ्यांसमोर पूनमसिंगला विचारले, "नायक, कागदावर विहीर काहून लिवली?"

पूनमसिंगने माझ्याकडे पाहिलेच नाही. लोकांकडे पाहून म्हणाला, "देवसिंगले भावाचं वावर दिसून राह्यलं. भोजाईनं देवाले देल्लं त याच्या पोटात दुखते."

लोक हसले. मागून कोणी म्हणाले, "काका, तुम्ही बी एखादा गोटा चालवून पाहा."

ते वाक्य मला लागले, कारण ते साधे होते. दगड खरेच एक वीत सरकला होता. मी तो स्वतः मोजला होता.

दुपारच्या ऑटोने मी फुलसावंगीला ममता मॅडमकडे गेलो. त्या शाळेत विज्ञान शिकवतात, मूळच्या बोरी अरबच्या. मी प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकत होतो तेव्हा त्या नवीन लागल्या होत्या आणि माझा 'ध' आणि 'घ' त्यांनीच वेगळा केला. सुट्टी होती, त्या अंगणात तूर वाळत घालत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी हात झटकले आणि बसल्या.

"काका, अवघड आहे. तो अर्धं खरं बोलतो."

"म्हणजे जमीन सरकते?"

"सरकते ना. गुऱ्हाळ पाह्यलं ना तुम्ही, उमरखेडकडचं? कढईत रस उकळतो. खालचा तापून वर येतो, वरचा बाजूला सरकून खाली जातो. हलकी मळी वर तरंगते. रस तिले ढकलत कडेला नेते, मळीला मळी चिकटते, थर जाड होत जाते. भूखंड असाच वाढला. हलका दगड वर राह्यला, कडेले नवे नवे तुकडे येऊन चिकटले. फक्त कढई लय मोठी आन् आच लय मंद. आपला तुकडा आधी आफ्रिकेला लागून होता. फुटला, वर निघाला. वाटेत अथी जमीन भेगाळली आन् खालून तापलेला दगड पातळ होऊन वाहत आला. एकदा नाही, थरावर थर. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याले. थो थिजला, थोच आपला काळा दगड. थो झिजला, त्याचीच आपली काळी माती. मग पुढं जाऊन आपला तुकडा आशियाले धडकला, मधातली जमीन चेपून वर उचलली गेली, त्याले आपण हिमालय म्हणतो. अजून दाबून राह्यला, अजून वाढून राह्यला."

मी वळून त्यांच्या अंगणातल्या काळ्या मातीकडे पाहिले. बहात्तर वर्षे मी ती तुडवली, नांगरली, पायाच्या भेगांत घेऊन झोपलो. ती एके काळी आगीसारखी वाहत होती हे मला कोणी सांगितले नव्हते. आणि ज्या माणसाला ते ठाऊक होते तो माइकवर दुसरेच सांगत होता.

"मग गोटे वाढतात थे?"

"वाढत नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षी खालीवर. त्या हालचालीत खालचा गोटा हळूहळू वर येते. माती हलते काका, गोटा नाही."

"मग दगड चालला कसा?"

"थे मले नाही ठाऊक. पण कसा नाही चालला थे ठाऊक आहे. आपला देश वर्षाला चार-पाच सेंटिमीटर सरकते. नख वाढते ना, साधारण तेवढा. एक वीत जायले चार-पाच वर्षं लागतात. हा बारा दिवसांत गेला."

"बाबा म्हणंन, इंजिन जोरात आहे."

मॅडम हसल्या, मग हसणे थांबले. "उद्या येतो मी. दोरी घेऊन येतो."

गुरुवारी सकाळी भोजाई पहिल्या ओळीत बसली होती, नवी ओढणी घेऊन. दुसऱ्या दिवशी अंगठा द्यायचा म्हणून बाबाने तिला मानाची जागा दिली होती. मला पाहून तिने तोंड फिरवले. ममता मॅडम सरळ पुढे गेल्या, नमस्कार केला.

"महाराज, जमीन सरकते हे तुम्ही बरोबर सांगितलं. मी शाळेत हेच शिकवते."

बाबा खुलला. "ऐका, मास्तरीण बाई काय म्हणतात."

"मग मला सांगा, जमीन सरकते तेव्हा त्यावरचं झाड सरकते का?"

"सरकणारच."

"विहीर?"

"विहीर पण."

"हा मंडप, हे लोक, तुमची खुर्ची?"

"सर्व काही. पूरा ब्रह्मांड."

"सगळं संगं चाललं, त दगड पुढं कसा गेला?" मॅडम लोकांकडे वळल्या. "महागावच्या बसमध्ये आपण पन्नास जण बसलो. बस चालून राह्यली. आपण बी चाललो. पण माह्या बाजूची बाई माह्या बाजूलेच राहते ना? थे दोन सीट पुढं गेली, तर बसनं नाही नेलं तिले. थे उठून गेली. नाही त कोणी ढकललं."

थोडे हसू उठले. बाबा हसला नाही.

मॅडमनी दोरी काढली. धुऱ्याच्या दक्षिणेला, नायकाच्या वावरात एक कडुलिंब आहे, तिथपासून विहिरीच्या काठापर्यंत अंतर मोजले. दोन्ही टोके मी आणि तांड्यातला कपिल, आम्ही धरली. अक्षय तृतीयेच्या आधी, धुऱ्याचे भांडण होऊ नये म्हणून पूनमसिंगनेच ही मापे कागदावर घेऊन एक प्रत मला दिली होती. झाड ते विहीर, अंतर तेच निघाले, बोटाचाही फरक नाही. झाड ते दगड, एक वीत जास्त. "झाड जागेवर. विहीर जागेवर. जमीन जागेवर," मॅडम म्हणाल्या. "एकटा दगड गेला. हे भूखंडाचं काम नाही."

"दगड मूळ आहे," बाबाने माइक तोंडाजवळ घेतला. "बाकी सृष्टी मागाहून येईल."

"बरं. मग तीन दिवस पाणी बंद ठेवू. आन् दुपारचा पडदा बी नको. तेवढंच पाहू, दगड चालते का."

तो पडदा सांगायचा राहिलाच. रोज दुपारी बारा ते तीन देवाची विश्रांती म्हणून दगडाभोवती पडदा लागे आणि आत फक्त बाबा आणि पूनमसिंग जात.

बाबाचा आवाज चढला. "देवाला तहानलेला ठेवायचा? या वैशाखात? उद्या तांड्यावर काही झालं तर जिम्मेदारी कोणाची? लिहून द्या बाई, तुमची?"

बाया घाबरल्या. एक म्हातारी मॅडमचा हात धरून म्हणाली, "नोको वं बाई, पाण्यावाचून कोणाले ठेवू नये." भोजाई उठली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "देवसिंग, तू जाय घरी. माहा कागद, माहा अंगठा."

बाबाने वारे आपल्याकडे फिरलेले पाहिले. इथे थांबला असता तर आजही तो आमच्या विहिरीवर बसलेला असता. पण अशा माणसाला थांबता येत नाही, एक चमत्कार जास्तीचा दाखवावाच लागतो. त्याने ताट मागवले, वरचे फडके काढले.

"संशय घेणाऱ्यांनी डोळे उघडा. आज पहाटे भगवंताच्या चरणाशी, न पेरता, न नांगरता, भूमातेनं हा दिव्य अंकुर दिला. असा अंकुर पृथ्वीवर नाही. पहिला मान दान देणाऱ्या माउलीचा." आणि त्याने तो कोंब भोजाईच्या ओंजळीत ठेवला.

पांढुरका देठ, वाकलेली मान, दाण्याचे दोन जाड भाग फुटून उघडलेले.

भोजाईने तो डोळ्यांजवळ नेला. तळहातावर फिरवला. नखाने दाण्याचे साल काढून पाहिले. मग शेजारच्या बाईकडे दिला. त्या बाईने पुढच्या बाईकडे. तीस-पस्तीस बाया, प्रत्येकीने हातात घेतला आणि प्रत्येकीचा चेहरा एकसारखा झाला. शेवटी मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "माय, हे त सोयाबीन आहे."

बाबा शहरातला माणूस. भूखंड कसे सरकतात ते त्याने मोबाइलवर वाचले होते. सोयाबीनचा कोंब त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो अजूनही हात वर करून उभा होता. पण पूनमसिंग शेतकरी. तो मंडपाच्या कडेकडेने सरकू लागला होता.

"वैशाखात कोणं पेरलं?" भोजाई म्हणाली. ओरडून नाही. मंडपाच्या खांबाला कोणा बाईचे एक खुरपे खोचलेले होते, ते तिने काढले आणि दगडाकडे गेली.

"माउली, देवाच्या अंगाला लोखंड लावू नका," बाबा म्हणाला.

"माह्या धुऱ्याचा दगड आहे," ती म्हणाली आणि दगडाच्या मागे, दक्षिणेकडच्या बाजूला बसली. तिने फुले बाजूला सारली. चार बोटे ओली माती काढली. त्याखालून वास आला. कुजलेल्या, आंबलेल्या दाण्यांचा वास, जो इतके दिवस उदबत्तीखाली लपला होता. खुरपे पुढे गेले आणि दाणे वर आले, फुगून दुप्पट झालेले, एकमेकांत चेपून दगडासारखे घट्ट बसलेले. कपिलने आणि मी हात लावला. टोपलेभर निघाले, मग दुसरे टोपले. त्यांच्यामागे एक जाड फरशी उभी पुरलेली. दगडाखाली दुसरी फरशी, आडवी, गुळगुळीत, चिखलाने निसरडी झालेली. दगडाच्या पुढची माती मात्र भुसभुशीत, हाताने उकरावी तशी.

एवढेच होते. मागे फरशी रोवायची म्हणजे दाण्यांना मागे जायला जागा नाही. मधल्या फटीत कोरडे सोयाबीन ठासायचे. वर माती, मातीवर फुले. मग लोकांना सांगायचे, पाणी घाला. पाणी खाली उतरते, दाणा फुगतो, मागे सरकता येत नाही म्हणून पुढच्या दगडाला रेटतो, आणि दगड निसरड्या फरशीवरून तीन दिवसांत दोन-चार बोटे जातो. दुपारी पडदा लावून कुजलेले दाणे काढायचे, फरशी पुढे घ्यायची, नवे दाणे भरायचे. चुन्याची रेघ ओढायची.

ही युक्ती बाबाची नव्हती. पडद्याआड दाणे भरायचा पूनमसिंग, म्हणून तो कोंब त्याच दाण्यांचा हे बाबाला उमगले नाही. सात-आठ वर्षांपूर्वी पूनमसिंगच्या कोठीत पावसाचे पाणी शिरले आणि भिजलेल्या सोयाबीनने तिची मागची भिंत बाहेर फेकली होती. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली होती, सगळ्यांनी विटा उचलायला हात लावला होता. या जिल्ह्यात असा शेतकरी नाही ज्याला ठाऊक नाही की भिजलेले सोयाबीन पोते फाडते. ठाऊक होते. तरी आम्ही बारा दिवस हात जोडून उभे होतो. माझा राग बाबावर आहे, पूनमसिंगवर त्याहून जास्त, पण सगळ्यात जास्त या गोष्टीवर आहे. शेंदूर पाहिला की आम्ही आमचे स्वतःचे शेतकीचे ज्ञान चपलांसोबत बाहेर ठेवून आत जातो.

आणि दगड कोणी ढकलला? बाबाने नाही. आम्ही. ज्या बाईने टँकरच्या रांगेत उभे राहून कळशी भरली आणि आपल्या लेकरांना कमी देऊन देवावर ओतली, तिने ढकलला. भोजाईने सगळ्यात जास्त ओतले होते. आपल्या विहिरीच्या पाण्याने, आपल्या हाताने, ती आपलेच वावर दुसऱ्याकडे ढकलत होती.

बाबाला पोरांनी गाडीत बसू दिले नाही. मारहाण मात्र झाली नाही, मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. पोलिसांची गाडी येईपर्यंत तो आपल्याच फ्लेक्सखाली बसून होता. एक-दोघे अजून म्हणत होते, "बाबा खोटा असंन, पण देव त खरा ना." मी त्यांना म्हटले, "टोपल्यात हात घालून पाहा." त्यांनी घातला नाही.

भोजाई मात्र टोपल्यापाशी बराच वेळ बसून राहिली. बाया पांगल्यावर मी जवळ गेलो. मला वाटले रडत असेल. रडत नव्हती.

"मले वाटलं, थो माह्याकडं येऊन राह्यला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"तुले कायचं ठाऊक आहे." तिने हातातले दाणे टोपल्यात फेकले. "उद्या महागावले जाचं आहे मले. गाडी पाह्य."

"कायले? आता त अंगठा द्याचा नाही."

"द्याचा आहे. ठाण्यात."

शुक्रवारी ती गेली. जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि फसवणुकीचाही, हे तिला मॅडमनी सांगितले. तक्रार मी लिहिली, दोन पाने, अक्षर वेडेवाकडे. तिने ती माझ्याकडून वाचून घेतली. मग मॅडमकडून वाचून घेतली. मग ठाण्यातल्या हवालदाराकडून. तिघांचे एकच निघाल्यावर शाईच्या डबीत अंगठा घातला. आधी पूनमसिंगचे नाव, मग बाबाचे, असा क्रम तिनेच सांगितला होता. "थो परका होता. हा तांड्याचा नायक होता," ती म्हणाली.

जमीन खरोखर सरकते. तुम्ही हे वाचत आहात तेव्हाही सरकत आहे, तुमच्या घरासकट, झाडासकट, नख वाढते त्या गतीने. तिला कोणाचा अभिषेक लागत नाही आणि ती कोणाचे वावर मागत नाही. ज्याला चमत्कार पाहायचा असेल त्याने मूठभर काळी माती हातात घ्यावी आणि जाणत्या माणसाला विचारावे की ही कुठून आली. उत्तर ऐकायला पैसे पडत नाहीत, नारळ लागत नाही.

आणि तुमच्या गावात कधी दगड चालू लागला, तर पाणी ओतू नका. जवळचे झाड पाहा, दोरी लावा, मोजा. बोलणारा माणूस विज्ञानाचे नाव घेत असेल तर दुप्पट मोजा. पडदा लागत असेल तर पडदा काढा. खाली उकरून पाहा. आणि अंगठा देण्याआधी कागद एकाकडून नव्हे, तिघांकडून वाचून घ्या.